ट्रे कोणाच्या हातात

बाबा,

आज पुन्हा पोरं तुमच्यावर हसली. तिसऱ्या वर्षाचा वर्ग, जेवणानंतरचा तास, पंखे नावापुरते फिरणारे, आणि फळ्यावर मी लिहिलेलं: अनेक प्रोसेसर असलेल्या संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम इंटरप्ट कसे हाताळते. एवढं वाचलं की मागच्या दोन रांगा डोळे उघडे ठेवून झोपी जातात. मग मी पिशवीतून तुमचा ट्रे काढते. तोच, जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एका कोपऱ्याला चेपलेला. तो टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला की वर्ग जागा होतो आणि मागून कोणीतरी हमखास ओरडतं, "मॅडम, वो आलो-जी वाला किस्सा!" आधीच्या वर्षीची पोरं पुढच्या वर्षीच्या पोरांना सांगून ठेवतात. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, पण आमच्या कॉलेजातून तुमची बदली काही होत नाही.

त्या किश्श्याच्या शेवटी मी एक खोटं सांगते, बाबा. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी तुम्हाला दवाखान्यातून आणायला कोणी का आलं नाही, त्याबद्दलचं. इतक्या वर्षांत ते इतकं घोटून झालंय की बोलताना जीभ अडखळत नाही. आज मात्र पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर करून एक साधा प्रश्न विचारला आणि मी उगाच फळा पुसायला लागले. ते एकदा तुमच्याशी बोलून टाकावं म्हणून बसले आहे. पण मी सरळ मुद्द्यावर येणाऱ्यातली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आधी घंटीपासून सुरुवात करते.

एकोणीसशे नव्व्याण्णव साल. आपला जिल्हा भंडाऱ्यापासून नुकताच वेगळा झालेला, आणि मी नागपूरहून इंजिनिअरिंगच्या सुट्टीत कुडव्याला घरी आलेली. मी ओसरीवर पुस्तक उघडून बसले आहे आणि तुम्ही कचेरीतून येऊन सायकल भिंतीला लावता. "काय वाचून राहिली एवढं तोंड पाडून?" तुम्ही विचारता. बोलणं लवकर संपावं म्हणून मी सांगते, बाबा, संगणकात एक प्रोसेसर असतो, तो आपलं काम करत असतो, मध्येच कीबोर्डची नाहीतर डिस्कची घंटी वाजते, मग हातातलं काम खूण करून तिथंच ठेवायचं, आधी घंटीकडे बघायचं, आणि परत येऊन खुणेपासून पुढं सुरू करायचं. तुमचा एक बूट पायात आणि एक हातात. तुमचा चेहरा असा उजळला की जणू हरवलेला भाऊ सापडला. "म्हंजे मशीनमधी चपराशी रायते?"

मला राग आला, बाबा. आज सांगते, खूप राग आला. होस्टेलवर मी सांगितलं होतं की माझे वडील पाटबंधारे खात्यात आहेत, आणि कोणत्या पदावर हे कोणी विचारायच्या आत मी विषय बदलायची. एवढं जाडजूड पुस्तक, आणि तुम्ही त्यातला प्रोसेसर थेट तुमच्या बाकावर आणून बसवलात. मी म्हणाले, नाही बाबा, ते फार वेगळं असतं. तुम्ही दुसरा बूट काढलात, जरा विचार केलात आणि म्हणालात, "बरं. अन् दोन चपराशी असले तं कोन उठते?" मी पान उलटलं. पुढचं प्रकरण तेच होतं.

त्या सुट्टीत तुम्ही मला रोज संध्याकाळी शिकवलंत. पुस्तकात होतं की इंटरप्ट आला की आधी चटकन पोच द्यायची आणि मोठं काम मागाहून करायच्या यादीत टाकायचं. हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. तुम्ही म्हणालात, "साहेबाले चहा उशिरा भेटला तं चालते. आवाज उशिरा भेटला तं नाई चालत." म्हणून घंटी वाजली की तुम्ही बाकावरूनच आधी ओरडायचात आणि बूट मग शोधायचात. मोठी गंमत झाली ती पुण्याकडचे नवे साहेब आले तेव्हा. त्यांनी पहिल्या दिवशी घंटी दाबली आणि तुम्ही आपल्या नेहमीच्या पद्धतीनं बाहेरून आवाज दिलात, "येऊन राहिलो साहेब!" आतून साहेब म्हणाले, "येऊन राहिलात? कुठे राहिलात?" तुम्ही दारातून मान आत घालून खरं काय ते सांगितलंत, "कुडव्याले राह्यतो साहेब." त्यानंतर साहेबांच्या सोयीसाठी तुम्ही "आलो जी" वर आलात. माणूस बाकावर बसलेला आणि तोंडात 'आलो'. आपल्या भाषेत न हलताही येता येतं, हे त्या पुस्तक लिहिणाऱ्याला माहीत असतं तर त्याची चार पानं वाचली असती.

आणि लाखेचं. टेंडरचे लिफाफे सील करताना तुम्ही मेणबत्तीवर लाख वितळवायचात, आणि तेवढा वेळ घंटीच काय, भोंगा वाजला तरी ढुंकून बघायचा नाहीत. एकदा मध्येच उठलात आणि लाखेचा थेंब साहेबांच्या सहीवर पडला, तेव्हापासून नियम: "लाख वितळली का मी बहिरा." संगणकातही नेमकं हेच करतात. अर्धवट सोडलं तर बिघडेल असं काम हातात असलं की तेवढ्यापुरत्या घंट्या बंद ठेवायच्या. मात्र तेवढ्यापुरत्याच. तुम्ही सील दाबलं की लगेच कान उघडायचात.

जिल्हा नवा झाला तशी तुमच्या कचेरीत कामं वाढली आणि एक शिपाईही वाढला. आमगावकडचे ते मिशीवाले काका. बाकावर आता दोघं. पहिल्या आठवड्यात घंटी वाजली की दोघंही उठायचे, दारात खांद्याला खांदा अडकायचा आणि साहेबांपुढे पाण्याचे दोन पेले यायचे. दुसऱ्या आठवड्यात दोघंही शहाणे झाले आणि कोणीच उठेना. मग हेडक्लार्कनी हुकूम काढला की सगळ्या घंट्या जुन्या माणसाच्या. म्हणजे तुम्ही दिवसभर पळताय आणि काका पेपरातल्या लग्नाच्या जाहिराती वाचतायत. हसू नका, बाबा, सुरुवातीच्या संगणकांत असंच होतं. प्रोसेसर चार, पण सगळ्या घंट्या पहिल्याच्याच डोक्यावर. शेवटी तुम्हीच साहेबांना सुचवलंत की एक घंटी तुमची आणि दोन घंट्या काकांच्या. साहेबांना ते फार आवडलं. दोन दिवस उत्तम चाललं.

तिसऱ्या दिवशी मी तिथं होते. मार्कशीटच्या झेरॉक्सवर साहेबांची सही घ्यायला आले होते आणि तुमच्या बाकाच्या टोकाला बसले होते. आत नागपूरचे मोठे साहेब आलेले. इटियाडोह धरणाच्या पाण्याच्या पाळीवरून बोलणं चाललं होतं आणि बोलता बोलता त्यांना ठसका लागला. घंटी वाजली, एक. तुम्ही "आलो जी" म्हणून उठलात. आत ठसका वाढला, साहेब घाबरले आणि त्यांनी पुन्हा दाबली, एक. तुम्ही बसलात, कारण आता झाल्या दोन, म्हणजे काका. काका हलेनात, कारण एक आणि परत एक म्हणजे तुम्हालाच दोनदा बोलावलं. तुम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलंत, दोघांनी एकदम दाराकडे तोंड करून "आलो जी!" म्हटलंत, आणि समोरच्यानं 'आलो' म्हटलेलं ऐकून दोघंही समाधानानं टेकलात. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलं. एवढ्यात दार उघडलं आणि मोठे साहेब स्वतः बाहेर आले, डोळ्यांत पाणी, तोंड लाल. माठापाशी गेले, पेला बुडवला, उभ्यानं प्यायले आणि मला म्हणाले, "बेटा, यहाँ चपरासी नहीं है क्या?" तेव्हा कुठं तुम्हाला आणि काकांना एकाच वेळी ट्रे आठवला. दोघांनी तो दोन बाजूंनी ओढला आणि तो फरशीवर आपटला. कोपऱ्याची चेप ती.

मोठे साहेब गेल्यावर तुमचे साहेब बाहेर आले. रागावले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, "एकटे होतात तेव्हा मला पाणी मिळत होतं हो." त्या दिवशी तुम्ही घरी येऊन अर्धीच भाकर खाल्लीत. आई म्हणाली, "कायले मनाले लावून घेता?" दुसऱ्या दिवशी घरून हातोडी घेऊन गेलात आणि बाकावरच्या भिंतीत, दोघांच्या बरोबर मध्ये, खिळा ठोकलात. ट्रे खिळ्यावर टांगायचा. संध्याकाळी मला नियम सांगितलात, आणि मी तो वहीत उतरवून घेतला, ती वही अजून आहे: "ट्रे हातात घेईन त्यानंच आलो मनाचं. खिळ्यावर ट्रे नसला का दुसऱ्यानं बसून रायचं. अन् एकदा हातात घेतला का जा लागते, मंग छप्पर पडो." पुस्तकात याला लॉक म्हणतात आणि त्याला अठरा पानं लागतात. त्या परीक्षेत या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले. तपासणाऱ्याला कधी कळलं नाही की उत्तर कोणाचं होतं.

मग ते घरात शिरलं. आई हाक मारायची, मी पुस्तकातून मान न काढता "आली!" म्हणायची आणि तुम्ही आतून विचारायचात, "ट्रे हातात आहे का?" दादा पाणी भरायला "जातो" म्हणून अंगणात गप्पा छाटत बसला की तेच. एकदा पाहुण्यांसमोर मला विचारलंत, तेव्हा त्यांना वाटलं की चहा यायला वेळ आहे, आणि ते बिचारे उठायला लागले.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा कचेरीत नवा स्टीलचा ट्रे आला होता. जुना निकामी सामानाच्या यादीत गेला, तर तुम्ही त्यासाठी रीतसर अर्ज केलात. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलेत, हा एकच तुमचा स्वतःचा, आणि तो मंजूर झाला. मला इथल्याच कॉलेजात नोकरी लागली होती. तुम्ही तो ट्रे पेपरात गुंडाळून मला दिलात. म्हणालात, "पुस्तकात समजलं नाई तं हे दाखवजो." पहिल्या वर्षी मी तो कपाटात ठेवला. तुम्हाला वाटलं असेल, मी विसरले. विसरले नव्हते, लाजत होते. मग एका दुपारी वर्ग अगदीच मेला होता आणि मी कंटाळून म्हणाले, माझे वडील शिपाई होते, ऐका. बाबा, ते असे हसले! आणि हसता हसता त्यांना समजलं. घरी येऊन तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही तीनदा विचारलंत की कुठं हसले, येऊन राहिलोवर का माठावर. तेव्हापासून मी दारात स्कूटी लावली की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला: "आज हासले का पोट्टे?"

आता ऑपरेशनचा दिवस. वर्गात मी तो असा सांगते. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन. सकाळी आईनं सोडलं, दुपारी आणायला मुलगा किंवा मुलगी, दोघांतलं कोणीतरी जाणार. दुपारी सोडल्यावर बाबांनी दोघांना फोन लावला. मुलगा म्हणाला, आलो. मुलगी म्हणाली, आली. मुलाला वाटलं ती जाईल, मुलीला वाटलं तो जाईल. डोळ्याला हिरवी पट्टी बांधून बाबा बाकावर दोन तास बसले. शेवटी एका ऑटोवाल्यानं हात धरून घरी आणून सोडलं, आणि ज्या माणसानं तो नियम शोधला तो खाटेवर बसून विचारतो, "ट्रे कोनाच्या हातात होता?" इथं वर्ग कोसळतो. मग मी फळ्याकडे वळून शांतपणे म्हणते, बघा, चूक दोघांचीही नाही, लॉक नव्हतं. आज त्या पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "पण मॅडम, तुमच्या घरी तर तो नियम होता ना?"

होता. आता खरं ऐका. सकाळी आठच्या आत दादाचा आमगावहून फोन आला होता. राइस मिलवर ट्रक भरून राहिला आहे, माझ्यानं निघणं होत नाही, तू जातं का? मी म्हणाले, मी जाते, तू काळजी नको करू. म्हणजे प्रश्नच मिटला होता. कोण जाणार हे ठरलेलं होतं आणि ती मी होते. तुम्ही दादाला फोन केलाच नव्हता. केला होता तो फक्त मला.

तुमचा फोन आला तेव्हा माझा तास चालू होता, आणि विषय हाच. मी ठसक्यापर्यंत आले होते. ट्रे डाव्या हातात उंच धरलेला, उजव्या हातानं हवेत घंटी दाबतेय, आणि घड्याळ दिसावं म्हणून मोबाइल ट्रेमध्येच ठेवलेला. आवाज बंद केला होता, थरथर चालू होती. मी तोंडानं "टिंग" म्हणायला आणि फोन यायला एकच गाठ पडली. अख्खा ट्रे खडखड वाजायला लागला. साठ पोरं बाकांवर आडवी झाली. मी फोन कानाला लावला. तुम्ही म्हणालात, "पट्टी झाली. सोडलं मले. येतं का?" मी म्हणाले, "आली बाबा, पाच मिनटं." त्यावर तर पोरांनी बाकं बडवली, कारण त्यांना वाटलं की हाही किश्श्यातलाच भाग आहे. आणि मी त्यांना तसं वाटू दिलं. फोन परत ट्रेमध्ये ठेवला आणि पुढं सांगत राहिले.

तास संपल्यावर तरी निघायचं. पण दुसऱ्या तुकडीच्या पोरांपर्यंत तो हशा पोचला होता. ती दारात जमली, "मॅडम, हमको भी सुनाओ ना." मी त्यांनाही ऐकवला, बाबा. पहिल्यापासून, सगळे आवाज काढून. तुम्ही तिकडे भिंतीला टेकून बसला आहात आणि इकडे मी तुमची चाल चालून दाखवतेय. ती काही वितळलेली लाख नव्हती. अर्धवट सोडलं असतं तर काहीही बिघडणार नव्हतं. तुम्ही पुन्हा फोन केला नाहीत. एकदा 'आलो' ऐकल्यावर परत घंटी दाबणारा साहेब तुम्हाला कधी आवडला नव्हता.

दवाखान्यात पोचले तेव्हा बाक रिकामा होता आणि कंपाउंडर झाडू मारत होता. घरी आले तर ऑटोवाला ओसरीवर पाणी पीत होता आणि तुम्ही खाटेवर. तुम्ही विचारलंत, "ट्रे कोनाच्या हातात होता?" मी म्हणाले, मला वाटलं दादा जाईल. आई तोंडाला पदर लावून मला शिव्या घालत होती, तेवढ्यात दादा आला, शर्टावर कोंडा तसाच. त्याच्या कानावर माझं वाक्य पडलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग चपला काढता काढता म्हणाला, "हाव बाबा, मले वाटलं हे जाईन." त्यानं कधीही, अगदी भांडणातसुद्धा, ते बाहेर काढलं नाही. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "मंग कोनाची चुकी नाई. बसा, जेवा." त्यानंतर तपासणीला तुम्ही एकटेच जायला लागलात, आणि घरात कोणाला ट्रेबद्दल कधी विचारलं नाहीत. नियमच उठला. वर्षभरात तुम्हीही.

एका गोष्टीचा अर्थ मला फार उशिरा लागला. त्या दिवशी जेवताना, एका डोळ्यानं ताट चाचपत, तुम्ही मला विचारलंत, "आज हासले का पोट्टे?" मी म्हणाले, बम हासले. तुम्ही म्हणालात, "हाव, फोनात आवाज येऊन राहिला होता."

बाबा, उद्या दुसऱ्या तुकडीला हेच प्रकरण आहे आणि ती पोरं किस्सा मागणारच. खरा शेवट सांगितला तर कोणी हसणार नाही, आणि मला ते हसायला हवे असतात, अजूनही. म्हणून उद्या काय सांगेन ते माहीत नाही. हा कागद घडी करून पिशवीत ट्रेखाली ठेवते. पण तुम्ही खाटेवरून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर राहून गेलं होतं, तेवढं देते.

माझ्या हातात होता. तुमचा फोनसुद्धा त्याच्यातच वाजला.